चादरीखालचा एसी

मित्रांनो, मी एक जुना एसी आहे. खिडकीत बसवतात तसला, चौकोनी आणि जड. पण मला आता खिडकी नाही आणि वरचे झाकणही नाही. माझे पोट कायमचे उघडे असते. कोणी खोलीत आले की मला अजूनही मेल्याहून मेल्यासारखे होते.

नवा होतो तेव्हा मी असा नव्हतो. कुवेतच्या अबू हलीफात, समुद्राकडे तोंड असलेल्या एका फ्लॅटमध्ये मी होतो. बाहेरच्या भट्टीतून आलेली माणसे माझ्यासमोर उभी राहून "हुश्श" करायची आणि मी फुलून जायचो. पण खाऱ्या वाऱ्याने माझ्या जाळ्या खाल्ल्या. एका ऑगस्टमध्ये भर दुपारी मी बंद पडलो, आणि त्यांनी मला खाली कचरापेटीशेजारी नेऊन ठेवले. येणारेजाणारे बघत होते. मांजरे माझ्यावर झोपत होती.

तिथून मला जाफर सरांनी उचलले. सर मूळचे हर्णैचे. कुवेतमध्ये एसी दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. त्याच इमारतीच्या तळघरात, ज्याला इथे सगळे सरदाब म्हणतात, काही मराठी मंडळींनी संध्याकाळचे कम्युनिटी कॉलेज काढले होते. दिवसा राबणाऱ्या माणसाला संध्याकाळी एखादे काम शिकता यावे, एवढाच हेतू. कॉलेज म्हणजे तेव्हा प्लास्टिकच्या खुर्च्या, एक फळा आणि मी. सरांनी माझे झाकण काढून टाकले, मला चालू केले, आणि मग रोज मुद्दाम बिघडवायला लागले. कधी एखादी तार सैल करायची, कधी पंखा अडकवायचा. बिघाड विद्यार्थ्यांनी शोधायचा. तो सापडला की दुसऱ्या दिवशी नवा बिघाड. तुम्हीच सांगा, रोज चारचौघांत नापास होणे हेच ज्याचे काम, त्याने तोंड कुठे लपवायचे?

कॉलेज मात्र वाढत गेले. वरच्या मजल्यावर संगणकांची खोली झाली. सुलैबियाला वेल्डिंगचा वर्ग निघाला. वफ्राच्या शेतांवर खपणाऱ्यांना इतक्या लांब येणे जमेना, म्हणून तिकडेच एका शेडमध्ये शुक्रवारचा वर्ग सुरू झाला, हरितगृहांचे पंखे दुरुस्त करायला शिकवणारा. त्यांच्याकडून अधूनमधून काकड्यांची पेटी यायची आणि सगळ्या सरदाबाला काकडीचा वास सुटायचा. माझ्यावर हात काळे करून गेलेला लवू आता एका मोठ्या शाळेचे सगळे एसी सांभाळतो. तो कधी भेटायला आला की माझ्या पाठीवर थाप मारतो. मला अवघडल्यासारखे होते, पण बरेही वाटते.

कौतुक व्हायचे ते संगणकांचे. पाहुणे यायचे असले की कॉलेजच्या प्रमुख शामलाताई माझ्यावर फुलाफुलांची चादर टाकायला लावायच्या. "बरं दिसत नाही हो," म्हणायच्या. खरेच दिसत नव्हतो. मी चादरीखाली गप्प बसायचो.

जाफर सरांना लपणे ठाऊक नव्हते. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला निळे पेन. 'सर' या हाकेचे त्यांना भारी वेड. कोणी 'जाफरभाई' म्हणाले की ते ऐकूच आले नाही असे दाखवायचे. गावी त्यांची शाळा अर्ध्यावर सुटली होती आणि बाहेर त्यांना जो तो 'ए एसीवाला' म्हणायचा. सर म्हणणारी माणसे फक्त या सरदाबात होती.

मग आले हरीश. ते एका कंपनीत हिशेब बघायचे. तो विभाग बंद झाला. त्याच मालकाच्या एसी दुरुस्तीच्या कंपनीत जागा होती, पण काम शिकून आलात तरच. ती जागा हुकली असती तर अकामा, म्हणजे इथे राहायचा परवानाही गेला असता, आणि बायको मेधा व मुलगी उर्वी यांच्यासह गाशा गुंडाळावा लागला असता. म्हणून हरीश शिकायला येत. घरी मात्र त्यांनी सांगितले होते, कॉलेजमध्ये शिकवायला जातो. घरचा फोन आला की ते माझ्याशेजारी उभे राहून हेच दडपून सांगायचे. निघताना नखांतले काळे जाईपर्यंत हात घासायचे. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण तेही माझ्यासारखेच चादर पांघरून बसलेले होते.

एकदा कॉलेज बघायला पाहुणे आले. ते वरच्या वर संगणक बघून गेले, तेव्हा सरांनी माझी चादर काढली आणि वर्ग सुरू केला. हरीशचे दोन्ही हात माझ्या पोटात होते. तेवढ्यात जिन्यावरून मेधा आणि उर्वी खाली आल्या. बाबांना शिकवताना बघायचे म्हणून न सांगता आल्या होत्या. उर्वीने शाळेत सगळ्यांना सांगून ठेवले होते की तिचे बाबा कॉलेजात सर आहेत.

हरीशनी माझ्या पोटातली तार घट्ट आवळून धरली. मला ते आतून कळले.

जाफर सरांनी उर्वीकडे पाहिले, मग हरीशकडे. खिशातले निळे पेन काढून त्यांनी हरीशच्या खिशाला लावले. "हरीश सर, चालू द्या तुमचं. आम्ही ऐकतोय," असे म्हणून ते विद्यार्थ्यांच्या खुर्चीत जाऊन बसले.

हरीश बोलू लागले. सांगितले सगळे बरोबर. उर्वी खुशीत होती. तिने जाफर सरांच्या पिकल्या दाढीकडे पाहून विचारले, "अंकल, यू आर ऑल्सो लर्निंग?"

"होय बाळा, शिकतोय," सर म्हणाले. "वय झालं ना, वेळ लागतो जरा."

सगळ्या वर्गाने माना खाली घातल्या. मित्रांनो, कचरापेटीशेजारीही मला इतकी लाज वाटली नव्हती. त्या वेळी मीच म्हटले, कोणीतरी माझ्यावर चादर टाका.

त्यानंतर हरीश येईनासे झाले. परीक्षा जवळ आली होती. सर रोज मला बिघडवत होते, पण त्यांचे लक्ष जिन्याकडे असायचे. हात सारखा रिकाम्या खिशाकडे जायचा. आता हा माणूस नोकरीही घालवणार आणि परत तोंडही दाखवणार नाही, असे मला वाटू लागले.

एका संध्याकाळी ते आले. बरोबर उर्वी होती, मागे मेधा. हरीश सगळ्यांसमोर उभे राहिले.

"उर्वी, मी इथे शिकवत नाही, शिकतो," ते म्हणाले. "हे माझे सर. त्या दिवशी मी खोटेपणा लपवायला यांना खाली बसू दिलं."

उर्वीचे कान लाल झाले. मग तिने बाबांच्या खिशातले पेन काढले, सरांपाशी गेली आणि त्यांच्या हातात देत म्हणाली, "सॉरी, सर."

सरांनी पेन खिशाला लावले, नीट सरळ केले आणि हरीशना म्हणाले, "उशीर केलात. बसा कामाला. आजचा बिघाड अवघड आहे."

उर्वी घरी गेली नाही. माझ्यासमोर उकिडवी बसून तिने विचारले, "बाबा, विच पार्ट इज ब्रोकन?"

"माहीत नाही गं," हरीश म्हणाले. "शोधतोय."

त्यांनी तो शोधला. परीक्षाही पास झाले.

मित्रांनो, पाहुणे आले की मला अजून लाज वाटते. ती काही आता जायची नाही. पण तुमच्याकडे असे एखादे कॉलेज असेल, तर तिथल्या माझ्यासारख्याला झाकू नका. चादरीखाली बिघाड कोणालाच सापडत नाही.