क्लच सुटेपर्यंत

ठण्ण!

मुरलीकृष्णमामंजींनी कॉफीचा टंबलर खालच्या वाटीसारख्या डबऱ्यात आपटला.

"आयुधपूजेला तो ठोकळा कोणी काढला?"

जुना ट्रॅक्टर पावसात नुसता उभा राहिला की क्लचची प्लेट गंजून चिकटते. म्हणून मामंजी पेडल दाबून त्यात लाकडी ठोकळा अडकवून ठेवत.

"मीच काढला," आत्याबाई म्हणाल्या. "पूजेच्या दिवशी तरी बिचाऱ्याला पाय सोडून बसू दे म्हटलं. गंध लावलं, कुंकू लावलं, ठोकळा काढला."

"आणि मग पाऊस पडला, क्लच चिकटला!"

"तो काय मी पाडला?"

त्या दोघांच्या सुनेनं, सुप्रभानं, पदरात हसू दाबलं. पण हसण्याची वेळ नव्हती. नवरा चेन्नईला, मामंजींचे गुडघे गेलेले, म्हणजे चिखलणी तिच्याच गळ्यात. उद्या लावणीला बायका येणार. पापनाशमचा मेकॅनिक म्हणत होता, ट्रॅक्टर मधोमध उकलावा लागेल, आठवडा तरी जाईल. तोवर रोपं पिवळी पडली असती.

"उकलायला तो काय फणस आहे?" मामंजी कडाडले. "चढ, पोरी. पहिल्या गियरमध्येच चालू कर, पेडल दाबून धर, मधूनमधून ब्रेक मार. धक्क्यानं प्लेट सुटेल. तोवर काही तो थांबायचा नाही."

"अर्धाच सुटला तर?"

"अर्धं-बिर्धं त्या शेजारच्या सुंदरच्या ट्रॅक्टरला. डबल क्लच! अर्धा दाबला की चाकं थांबतात, मागचा रोटावेटर फिरतोच. पुरता दाबला की दोन्ही बंद. आपला सिंगल. सगळं चालू, नाहीतर सगळं बंद."

"मालकावर गेलाय," आत्याबाई म्हणाल्या.

ट्रॅक्टर उसळून निघाला. घर, विहीर, माडांची बाग, पुन्हा घर.

"सुप्रभा, रसम की ताकाचं मोरकुळंबु?" आत्याबाईंनी दारातून विचारलं.

"मोरकुळंबु!"

पुढच्या फेरीला, "ताक संपलंय गं!"

"मग विचारलंत कशाला?"

त्याच्या पुढच्या फेरीला, "पिळ्ळैयार गणपतीला नारळ बोललेय मी!"

"एकच?" मामंजी ओरडले. "ट्रॅक्टर केवढा, नारळ केवढा!"

माडांमागे ठक् झालं. इंजिन धडधडतंय, चाकं मात्र गप्प. सुटला! तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. इथे ताक विचारणारं कोणी नव्हतं. कालव्यावरून वारा येत होता. तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि पेडलवरचा पाय हळूच उचलला. चाकं पुन्हा फिरू लागली.

घरासमोरून जाताना तिनं तोंड एवढंसं केलं. "नाही हो अजून!"

आणखी एकदा, "नाही हो!"

मग ती दारात येऊन थांबली. मामंजींनी ट्रॅक्टरच्या बॉनेटवर थाप मारली. "ब्रेकनं सुटला!"

"नारळानं," आत्याबाई म्हणाल्या.

तेवढ्यात माडांपलीकडे मैत्रिणीकडे, अखिलाच्या घरी, खेळायला गेलेली सुप्रभाची लेक हरिणी पळत आली आणि आजी-आजोबांच्या मधोमध उभी राहिली.

"आई, तू तिकडे झाडांमागे थांबली होतीस ना? मग परत का निघालीस?"