मास्तरांचे तीन किलो

मी एक जुने, तारा ओढणारे यंत्र आहे. टेनिसच्या रॅकेटला नव्या तारा घालायच्या, म्हणजे गटिंग करायचे, तर ते माझ्यावरच होते. मित्रांनो, मला बॅटरी नाही की स्प्रिंग नाही. एक लोखंडी दांडा, त्यावर कोरलेल्या खुणा आणि सरकणारे एक वजन, एवढाच माझा संसार. वजन बावीसच्या खुणेवर ठेवले की तार बावीस किलोने ओढली जाते, रतीभर जास्त नाही की कमी नाही. याचा मला गर्व आहे, तो आधीच कबूल करतो.

कारखान्यात ज्या फिटरने मला जुळवले त्याने माझी प्रत्येक खूण तीनदा तपासली. मग पाठीवर थाप मारून म्हणाला, "हा खोटं बोलणार नाही." बिचाऱ्याला काय ठाऊक, मी कोणाच्या हाती पडणार होतो!

मला मास्तरांनी घेतले. मास्तर टेनिस शिकवत आणि मैदानामागच्या एका खोलीत गटिंगही करत. त्या खोलीत एक खिडकी, एक टीव्ही आणि खिळ्यांना टांगलेल्या रॅकेटी होत्या. तरुणपणी मास्तर स्वतः चांगले खेळायचे. पण आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या सामन्यात त्यांचा शेवटचा चेंडू दोन बोटे बाहेर पडला. चूक हाताची होती, पण मास्तरांनी ती तारेच्या माथी मारली. तार सैल होती म्हणून चेंडू उडाला, असे त्यांनी ठरवून टाकले आणि तेव्हापासून सैल तारेचा धसकाच घेतला. घट्ट तारेने चेंडू आत राहतो, हे खरे. पण मग सगळा जोर हातालाच लावावा लागतो आणि प्रत्येक फटक्याचा हादरा कोपरात जातो. हे मास्तरांना माझ्याइतकेच ठाऊक होते.

त्यांना एकच मुलगी होती. ते तिला चारचौघांत 'बुटके' म्हणून हाक मारत, म्हणून सगळेच तिला बुटकी म्हणू लागले. ती चौदा वर्षांची असताना म्हणाली, "बाबा, मला बावीसच घाला. पंचवीसनं हात भरून येतो."

"बावीस तर बावीस," मास्तर म्हणाले.

गटिंग झाले की रॅकेटवर एक चिठ्ठी चिकटवायची आणि तिच्यावर ताणाचा आकडा लिहायचा, अशी या धंद्यात पद्धत आहे. खेळाडू त्या चिठ्ठीवर डोळे मिटून विश्वास ठेवतो. मास्तरांनी चिठ्ठीवर सुबक अक्षरात २२ लिहिले. मग माझे वजन पंचवीसच्या खुणेवर सरकवले. पहिल्या दिवशी मला वाटले, चष्मा विसरले असतील. चष्मा नाकावरच होता.

बुटकी जिंकायची, पण मोठ्या खेळाडूंशी थोडक्यात हरायची. मास्तर म्हणायचे, "हातात जोर म्हणून नाही तुझ्या. खातेस ते जातं कुठं?" मग माझ्या पायाशी, त्या सिमेंटच्या जमिनीवर ती चाळीस जोर काढायची. ते झाले की मास्तर म्हणायचे, "अजून चाळीस." तिच्या घामाचे थेंब माझ्या पायांवर पडून तिथे गंज चढला. मला राग येत होता, पण तार ओढायचे थांबवणे माझ्या हाती नव्हते. वजन जिथे ठेवाल तिथले काम मी चोख करतो. जल्लाददेखील बहुधा असेच म्हणत असतील.

ती एकोणीस वर्षांची असताना मोठ्या अजिंक्यपदाच्या वेळी मास्तर तापाने अंथरुणाला खिळले. ती एकटीच गेली. उपांत्य सामन्यात तिच्या तारा तुटल्या, म्हणून तिने तिथल्या गटिंगवाल्याकडून बावीसने घालून घेतल्या. अंतिम सामना मी टीव्हीवर पाहिला. तिचा हात असा मोकळा सुटलेला मी कधी पाहिला नव्हता. समोरची बाई जागच्या जागी उभी राहत होती. तासाभरात बुटकी अजिंक्य ठरली, आणि वर्तमानपत्रांनी मास्तरांच्या कडक शिस्तीचे गोडवे गायले.

परत आली ती थेट खोलीत.

"बाबा, तिथल्या गटिंगवाल्यानं माझ्या दुसऱ्या रॅकेटचा ताण मोजला. म्हणाला, चिठ्ठीवर बावीस आहे, पण हे पंचवीसनं ओढलेलं आहे. यापुढे माझं गटिंग तोच करतो म्हणत होता."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, माझे बाबा आहेत की."

मास्तरांनी माझ्याकडे बोट दाखवले. "यंत्र बिघडलं असेल. जुनं झालंय मेलं. करतो दुरुस्त."

मी बिघडलो! धरणीची ओढ बिघडली तरच मी बिघडेन, मित्रांनो. मला तोंड असते तर मी त्या दिवशी घर डोक्यावर घेतले असते.

त्या दिवसापासून रॅकेट हातात घेताना ती विचारू लागली, "बाबा, किती घातलं?" मास्तर म्हणायचे, "बावीस." ती क्षणभर त्यांच्याकडे पाहायची, मग निघून जायची. असे पाच वर्षे चालले. मास्तर मला म्हणायचे, "पोरगी विसराळू झालीय. चिठ्ठी वाचता येत नाही का हिला?"

पुढच्या मोठ्या अंतिम सामन्यात ती विजयापासून एका गुणावर तीनदा आली आणि तिन्ही चेंडू जाळीत गेले. त्यानंतर कोपर सुजू लागले. चोविसाव्या वर्षी शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी खेळ बंद केला. हात गळ्यात बांधून ती खोलीत आली, तेव्हाही तिने खिळ्यावरच्या शेवटच्या रॅकेटकडे पाहून विचारले, "बाबा, हिला किती?"

"बावीस," मास्तर म्हणाले.

मग सहा वर्षे ती या खोलीत फिरकली नाही. तिने दुसरीकडे मुलींना शिकवायला सुरुवात केली. थकलेल्या मास्तरांनी निरोप धाडला, यंत्र तुझ्या मुलींसाठी घेऊन जा. ती आली, ती हुकाचा वजनकाटा घेऊन. डाव्या हाताने तिने तो मला अडकवला आणि माझे वजन बावीसवर ठेवले. काटा बावीसवर जाऊन थांबला, जरासुद्धा हलला नाही.

मास्तरांनी चष्मा पुसून काटा पुन्हा वाचला. मग म्हणाले, "बुटके, यंत्र ठीक आहे. मीच..."

"पंचवीस," ती म्हणाली. "माहीत आहे, बाबा."

"कधीपासून?"

"मी जिंकले त्या अंतिम सामन्यापासून. बावीसनं एकदा खेळल्यावर हाताला कळत नाही होय?"

"मग बोलली का नाहीस?"

"रोज विचारत तर होते."

मास्तर माझ्या पायाशी, त्या सिमेंटच्या जमिनीवर बसले. तिने त्यांना उठवले नाही. काटा सोडवून पिशवीत टाकला आणि म्हणाली, "एकदा जरी खरं सांगितलं असतंत ना, तर मी पंचवीसनंही खेळले असते. आता उजव्या हातानं केसही विंचरता येत नाहीत. यंत्र राहू दे तुम्हालाच. माझ्याकडे नवीन आहे."

आता खोलीत कोणी येत नाही. मास्तर रोज मला पुसतात, तार न लावताच वजन पंचवीसवर नेतात आणि मोठ्याने म्हणतात, "पंचवीस." ऐकायला मी एकटाच असतो.

मित्रांनो, मला तेल घाला, झाकून ठेवा असे मी विनवणार नाही. गंजलो तरी चालेल. पण तुमच्या घरात कोणी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत असेल, तर त्याला विसराळू समजू नका. तो विचारायचा थांबायच्या आत खरे उत्तर द्या. नंतर दिलेले उत्तर माझ्यासारख्या लोखंडाला ऐकावे लागते, आणि लोखंड कोणाला माफ करू शकत नाही.