हान्याचा दिवा

मंगळवार पेठेतली राजमती अक्का रोज सकाळी पोलंडची खबर विचारते, हा गल्लीचा हक्काचा विनोद होता. शेजारचे तात्यासो, निवृत्त शाळामास्तर, कट्ट्यावर बसून पेपर उघडायचे आणि ही दारातूनच विचारायची, "मास्तर, पोलंडाचं काय?" लोकांना भावकीच्या भानगडी निस्तरताना नाकी नऊ येतात आणि हिला सातासमुद्रापलीकडची पंचाईत, असं बायका म्हणायच्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, घरात बोलायला भिंती. अशा बाईला कशाची तरी वाट बघावीच लागते, हे हसणाऱ्यांना कोण सांगणार?

लढाईच्या काळात वळिवड्याच्या छावणीत पोलंडचे निर्वासित राहत होते. तिथल्या बाजारात राजमतीच्या नवऱ्याचं किराणा दुकान होतं. त्या गिऱ्हाइकांतली एक झोफिया. बाजारानं तिची सोफाबाई केली. तिला यानेक नावाचा मुलगा आणि हान्या नावाची धाकटी मुलगी. हान्या दिवसभर राजमतीच्या दुकानात गुळाच्या ढेपेपाशी बसलेली असायची आणि राजमती तिच्या पिवळ्या केसांना खोबरेल चोपडायची. एका उन्हाळ्यात ती पोर तापानं गेली. रडायला आया दोन होत्या, पण लोकांना एकच दिसली.

पुढे दिवाळीनंतर त्या लोकांचा मेलेल्यांना दिवे लावायचा दिवस आला. योगायोग असा, की राजमतीचं नंदीश्वर पर्व, जैनांचं आठ दिवसांचं व्रत, त्याच दिवशी कार्तिकातल्या अष्टमीला बसलं होतं. उपास धरूनच ती दफनभूमीत गेली. सोफाबाईनं मेणबत्ती लावली, हिनं पणती. पणतीत किडामुंगी पडून जीव जाऊ नये म्हणून हिनं वर कंदिलाची काच ठेवली. ते पाहून सोफाबाई त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

मायदेशी परतताना सोफाबाई दुकानात निरोप घ्यायला आली. भिंतीवरचं जुनं कॅलेंडर राजमतीनं त्या दिव्यांच्या महिन्याच्या पानावरच ठेवलं होतं. सोफाबाईनं त्या दिवसाच्या चौकोनावर बोट टेकवलं आणि बाजारात शिकलेल्या मराठीत म्हणाली, "बाई, ह्या दिवशी मी तिकडं दिवा लावतो. तू हिकडं लाव."

राजमतीनं मान डोलावली आणि शब्द पाळला. नवरा गेला त्या वर्षीही पाळला, अंगात ताप असतानाही पाळला. दर साली तात्यासोंकडून पंचांगातली अष्टमी पक्की करून घ्यायची आणि काच पदराखाली धरून निघायची.

छप्पन साल मात्र तिला जड गेलं. जूनमध्ये तात्यासोंनी वाचलं, की पोलंडात कामगार भाकरीसाठी रस्त्यावर आले, गोळीबार झाला, माणसं मेली. राजमतीला दोन दिवस घास उतरेना. ऑक्टोबरात वेगळीच बातमी आली. तिकडचा पुढारी बदलला, राजधानीवर निघालेलं रशियाचं सैन्य मागं फिरलं, अटकेतले मोठे पाद्री सुटले. आता तिकडची दारं जरा किलकिली होतील, असं तात्यासो म्हणाले. दारं तिकडची, पण राजमतीनं घर इकडं सारवून काढलं. सोफाबाई एक दिवस दारात उभी राहील, हे तिनं मनाशी धरलं. कोणाला सांगितलं नाही, कारण हसायला गल्ली टपलेलीच होती.

दिवाळी झाली. अष्टमीला ती दफनभूमीत गेली, तर हान्याच्या दगडापाशी मेणबत्तीचं बूड चिकटलेलं होतं आणि शेजारी सुकलेला झेंडू. राखणदार गुंडू उन्हाळ्यापासून कामाला लागलेला, नवखा. तिनं विचारलं, तसं त्यानं सांगितलं, "एक तारखंला आलता. गोरा, तरणा, बोटीवरचा खलाशी. आपल्यावानी बोलतोय की थोडं थोडं. हितं एक बाई दिवा लावती, आली काय म्हणून इचारलं. म्या म्हणलो, आज कोन न्हाय आलं. दिस मावळंस्तोवर बसला बघा."

"मग?"

"सांजच्या गाडीनं मुंबईला जायाचं व्हतं त्येला. बोट सुटनार म्हणाला. आईला आता काय सांगू, असं म्हणाला आन् गेला."

यानेक. राजमती दगडाशेजारी बसली. भिंतीवरचं कॅलेंडर तिला लख्ख दिसलं. सोफाबाईचं बोट चौकोनातल्या मोठ्या आकड्यावर, नोव्हेंबरच्या एक तारखेवर होतं आणि तिनं वाचली होती खालची बारीक अक्षरं, कार्तिक शुद्ध अष्टमी. त्या साली दोन्ही एका दिवशी आली, पुन्हा येईलच असं थोडंच होतं? इतकी वर्षं तिनं एक दिवस चुकवला नव्हता आणि तिकडं एक आई ऐकणार होती, की तिच्या पोरीपाशी अंधार असतो. राजमतीला स्वतःचा असा राग कधी आला नव्हता.

तिनं पणती लावली. तिच्या ज्योतीवर मेणबत्तीचं बूड पेटवलं आणि दोन्हींवर मिळून काच ठेवायला गेली. एका काचेत दोन्ही मावेनात. मग मेणबत्तीवर काच ठेवली आणि पणतीला हाताचा आडोसा केला.

गुंडूला तिची कीव आली. म्हणाला, "म्होरल्या साली एक तारखंलाच या की, अक्का."

"येतो की," राजमती म्हणाली. "तारखंलाबी येतो, अष्टमीलाबी येतो. पन पत्ता न्हाय, तिला कोन सांगनार?"

गुंडू फाटकाकडं गेला आणि ती निघेपर्यंत त्यानं कुलूप लावलं नाही.