अप्पांनी आणलेली माती

अप्पा दरवर्षी संक्रांतीला, सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला सुट्टी काढून यायचे आणि येताना माती आणायचे. गावातल्या इतर पोरांचे बाप पुण्याहून बिस्किटं आणायचे, भिवंडीहून साड्या आणायचे. आमचे वडील कर्नाटकातल्या सोन्याच्या खाणीतून दोन पोती माती आणायचे. सोन्याच्या खाणीतला माणूस सोनं सोडून माती घेऊन येतो, यावरून सगळं गाव त्यांची चेष्टा करायचं आणि ती चेष्टा त्यांना फार आवडायची. "सोनं साहेबाचं, माती आपली," असं म्हणत ते एसटीच्या टपावरची पोती उतरवून घ्यायला आम्हाला हाका मारायचे.

आमचं गाव अक्कलकोट तालुक्यात, अगदी हद्दीवर. घरात कानडी, बाहेर मराठी आणि भांडताना दोन्ही. पावसाचा भरवसा नाही म्हणून माझे वडील, निंगप्पा, लग्नाआधीच खाणीवर गेले आणि तिथेच राहिले. आई, म्हणजे आमची अव्वा, शेत आणि आम्हा भावंडांना धरून गावी. वर्षातून पंधरा दिवस आमचं घर भरलेलं असायचं. बाकी साडेअकरा महिने आम्ही त्या पंधरा दिवसांबद्दल बोलायचो.

ती माती मी आजही डोळे मिटून ओळखेन. पांढरी, जराशी राखाडी झाक, आणि मैद्यासारखी मऊ. खाणीतला दगड फोडायचा, दळायचा, औषधाच्या पाण्यात धुवायचा, सोनं काढून घ्यायचं आणि उरलेला गाळ बाहेर टाकायचा. साठ-सत्तर वर्षं टाकून टाकून त्याचे डोंगर झाले होते. त्या डोंगरांवर गवताची काडीसुद्धा उगवत नाही, असं अप्पा अभिमानाने सांगायचे. इतकी शुद्ध माती!

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी अव्वा वाटप करायची. बायका डबे, गाडगी, जुन्या साडीचे तुकडे घेऊन आमच्या कट्ट्यावर बसायच्या आणि अव्वा मापट्याने माती घालायची. कुणाला किती, यावर तिचा शब्द शेवटचा. त्या दिवशी सरपंचाची बायकोसुद्धा अव्वाला अहोजाहो करायची. त्या मातीची रांगोळी चिमटीतून अशी सुटायची की रेघ कुठे तुटत नसे. तांब्यापितळेची भांडी त्या मातीने घासली की आरशासारखी व्हायची. भिंतीच्या सारवणात तीच. आणि धान्याच्या कणगीभोवती तिचं रिंगण घातलं तर मुंगी आत येत नसे. "देवाची माती हाय, मुंगीबी वलांडत न्हाय," बायका म्हणायच्या.

मुंगी ओलांडत नाही! मी सोलापुरात सव्वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवतोय. धातू, अधातू, विषारी संयुगं, सगळं फळ्यावर लिहून झालंय. आर्सेनिकचा धडा तर मी खुनाच्या गोष्टी सांगून रंगवतो. जिथे गवत उगवत नाही आणि मुंगी फिरकत नाही, तिथे काय असतं, हे आठवीतलं पोरगंही सांगेल. मला मात्र कधी सुचलं नाही. सुचलं नाही कारण ती माती माझ्यासाठी पदार्थ नव्हतीच, ते अप्पांचं घरी येणं होतं. खोटं कशाला बोलू, माझ्या बालपणातला सगळ्यात आनंदाचा दिवस तो वाटपाचा. अप्पा ओसरीवर बसून खाणीच्या लोखंडी पाळण्यातून जमिनीखाली मैलभर कसं उतरतात ते सांगताहेत, मधेच खोकताहेत, अव्वा पांढऱ्या हातांनी हसतेय. पुन्हा तो दिवस मिळत असेल तर मी अजूनही सगळं टाकून जाईन.

खाण बंद पडून आता पंचवीस वर्षं होतील. अप्पा कायमचे घरी आले ते खोकला घेऊनच. आठ वर्षं त्यांच्या छातीचा भाता वाजत राहिला आणि एक दिवस थांबला. दगडाची धूळ फुप्फुसात बसली होती, हे आम्हाला तेव्हाही ठाऊक होतं. माती मात्र आम्ही त्यात धरली नव्हती.

गेल्या डिसेंबरात डॉक्टर प्रियंका आल्या. तिशीच्या, सोलापूरच्याच, खाण कामगारांच्या एका संघटनेसाठी काम करणाऱ्या. तिकडे त्या मातीच्या डोंगरांवरून कोर्टात वाद चालू होता. उन्हाळ्यात धूळ उडून वस्त्यांवर पडते, लोक आजारी पडतात, असं तिथल्या रहिवाशांचं म्हणणं. ती साधी वाळू आहे, असं खाणवाल्यांचं म्हणणं. म्हणून जुने कामगार जिथे जिथे परतले तिथे संघटना तपासणी करत होती. मी त्या दिवशी मुद्दाम रजा काढून गावी आलो होतो.

"आजी, तिकडची काही वस्तू आहे का घरात?" त्यांनी विचारलं.

अव्वाचा चेहरा असा फुलला, जणू कुणीतरी कित्येक वर्षांनी बरोबर प्रश्न विचारला होता. आत जाऊन तिने डालड्याचा डबा आणला. तळाशी चार बोटं माती शिल्लक होती. अप्पांच्या तिथीला ती त्यातली चिमूटभर घेऊन उंबऱ्यावर रांगोळी काढायची. डॉक्टरीणबाईंनी हातमोजे घातले, हे बघून ती चमकली. त्यांनी थोडी माती पिशवीत घेतली, मग अव्वाचे तळहात उलटे करून पाहिले. मोहरीएवढे कडक दाणे होते सगळीकडे.

"भाकरी थापून थापून झाल्यात," अव्वा म्हणाली.

"आणि तळपायावर? पायानं तर भाकरी थापत नसाल ना, आजी?"

अव्वा हसली. मी हसलो नाही. मला फळा दिसायला लागला होता.

तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. आर्सेनिकच, आणि प्रमाण भरपूर. मी चार दिवस ती गोष्ट खिशात घेऊन हिंडलो. गावी गेलो, अव्वाने केलेली शेंगापोळी खाल्ली, परत आलो. पाचव्या दिवशी पुन्हा गेलो आणि सांगितलं.

तिने स्वतःच्या हातांबद्दल काहीही विचारलं नाही. तिने एकच विचारलं, "गुरू, बारकं पोरगं आसंल आन् त्यानं ती खाल्ली आसंल, तर?"

ती कुणाबद्दल विचारतेय हे कळायला मला वेळ लागला नाही, कारण तेव्हा दहा वर्षांचा मी तिथेच कट्ट्यावर बसलेला असायचो. ओढ्यापलीकडच्या धनगरवस्तीवरची केराबाई अव्वाची जिवाची मैत्रीण. दोघी एकाच साली लग्न होऊन या गावात आल्या होत्या. वाटपात पहिलं मापटं तिचं. तिचा धाकटा, बिरुदेव, चार वर्षांचा, आईच्या पदराला धरून यायचा आणि डब्यात बोट घालून माती चाटायचा. बायका खदखदून हसायच्या. पोरगं सोनं खातंय गं! "अव्वा, सोनं दे," असं म्हणून तो हात पुढे करायचा आणि माझी आई त्याच्या इवल्या तळहातावर चिमूटभर माती ठेवायची. नंतर तर तो ओढा ओलांडून एकटाच यायचा, रोज. ज्या वर्षी मोठा दुष्काळ पडला, त्याच वर्षी उलट्या-जुलाब होऊन तो गेला.

मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि आवाज मोठा करून अव्वापुढे धरला. त्या सावकाश, समजावून बोलल्या. म्हणाल्या, "मातीनं झालं असेलही. पण त्या काळी, दुष्काळात, खराब पाण्यानं कितीतरी मुलं गेली, आजी. आता चाळीस वर्षांनी कुणालाच खात्रीनं सांगता येणार नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." आणि मग पुढचं. ही माती कामगार घरोघरी नेत होते आणि कुणी अडवलं नाही, असा अव्वाचा जबाब संघटनेला कोर्टासाठी हवा होता. शिवाय गावात कुणाकडे ती अजून उरली असेल तर गोळा करायला हवी होती आणि बायकांची तपासणी करायला हवी होती.

ही बातमी संध्याकाळपर्यंत भिमाच्या कानावर गेली. भिमा माझा चुलतभाऊ आणि सध्या गावचा सरपंच. चप्पल बाहेर काढायच्या आधीच त्याने बोलायला सुरुवात केली.

"काकू, कवाची माती ही. कशाला उकरून काडायची? गावाचं दूद अक्कलकोटला जातंय. उद्या इषारी गाव म्हनून कोन घील का? पोरींची लग्नं ठरायची हायती."

तो वाईट माणूस नाही, आणि त्याचं म्हणणं अगदीच वेडगळही नव्हतं. पण माझं डोकं तापलं. मी त्याला बरंच काही सुनावलं, त्यात त्याच्या दुधातल्या पाण्याचाही उल्लेख झाला, जो तिथे अनावश्यक होता. अव्वाने आम्हा दोघांना गप्प केलं.

"भिमा, दुदाचं तू बग. डबं गोळा करायला उद्या दवंडी दे, न्हायतर मी दारोदार जाईन. माती मीच वाटली हुती, मागायलाबी मीच जाईन. जबाबबी मी देनार हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पन त्याच्या आदी केराकडं चल. कोर्टाच्या कागदातनं तिला कळाया नगं."

त्या रात्री ती जेवली नाही. केराबाई तोंड फिरवेल, याची तिला भीती वाटत होती, आणि हे तिने मला सरळ सांगितलं. "पन्नास वर्साची मैत्रीण हाय रं ती. तिनं दार लावलं तर मी कुनाशी बोलू?" माझ्या आईला घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोटरसायकलवरून ओढा ओलांडून आम्ही वस्तीवर गेलो. केराबाई लिंबाखाली बसून कोकरांना पाला घालत होती. पंच्याहत्तरीची, वाळलेली, पण आवाज अजून माळ ओलांडून जाईल असा. आणि पाय अनवाणी. मला कळतंय तेव्हापासून मी तिच्या पायात वहाण पाहिलेली नाही, मे महिन्यातल्या उन्हातसुद्धा.

"आगं अक्का! आज कुटनं उगवलीस? आन् मास्तरबी!"

अव्वा तिच्याजवळ खाली बसली. पाणी आलं, ते तिने घेतलं नाही. आढेवेढे न घेता तिने सगळं सांगून टाकलं. ती पांढरी माती विषारी होती. हातावरचे दाणे त्यानेच आले. तुझ्या हातावरचेही त्याचेच असतील. आणि मग शेवटचं. "केरा, बिरू रोज माती खायाचा. मी द्यायची. माज्या हातानं द्यायची."

केराबाईच्या हातातली फांदी तशीच राहिली. कोकरू तिच्या मुठीतला पाला ओढत होतं. मी जमिनीकडे बघत बसलो. अव्वा मान खाली घालून होती, मार खायला तयार असलेल्या माणसासारखी.

"अक्का," केराबाई शेवटी म्हणाली, "बिरूच्या जल्माच्या टायमाला मी बिरोबाला पयलं कोकरू बोलले हुते. म्हायत हाय न्हवं तुला?"

"व्हय."

"दुष्काळात त्येच नवसाचं मेंढरू मी इकलं. घरात दाना न्हवता. इकलं आन् दोन म्हयन्यात माजं पोरगं गेलं. मालक म्हनला, तू देवाचं इकलंस, देवानं तुजं न्हेलं. सासू मरंस्तवर म्हनत हुती. मीबी तेच धरून बसले. तवापास्नं पायात घातलं न्हाय." तिने अव्वाचा हात घट्ट पकडला. "मग आता खरं सांग. त्यो देवाचा कोप न्हवता म्हन की? माज्यामुळं न्हाय गेला त्यो?"

अव्वाने माझ्याकडे बघितलं.

मला डॉक्टरीणबाईंचे शब्द अक्षरशः पाठ होते. खात्रीने सांगता येणार नाही. मी शिक्षक आहे, अर्धवट उत्तर मला सहन होत नाही. मी तोंड उघडलं तोच अव्वाने माझा गुडघा दाबून धरला, लहानपणी पाहुण्यांसमोर दाबायची तसा.

"न्हाय गं केरा," ती म्हणाली. "देवानं न्हाय आन् तुजंबी काय न्हाय. मातीनं गेला. माज्या हातनं गेला."

केराबाईने पदर तोंडात कोंबला आणि ती रडायला लागली. मोठ्याने, एखाद्या तरण्या बाईसारखी, आणि रडता रडता तिने माझ्या आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं. ज्या बाईने आत्ताच कबुली दिली होती, तिच्याच खांद्यावर. "चाळीस वर्सं गं," ती म्हणत होती. "चाळीस वर्सं मीच मारलं म्हनून जगले. आदी का न्हाय सांगितलंस, अक्का?"

अव्वा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. रडली नाही.

परत येताना ओढ्याच्या काठावर मी गाडी थांबवली. मला राग आला होता. कुणाचा ते नीट सांगता येत नव्हतं, म्हणून मी तो तिच्यावरच काढला. "अव्वा, डॉक्टर काय म्हणाल्या ते तू ऐकलं होतंस. खात्री नाही म्हणाल्या त्या. कदाचित पाण्यानं गेला असेल. तू खोटं सांगितलंस आणि सगळं स्वतःवर घेतलंस."

"ऐकलं हुतं की."

"मग?"

ती मागे बसूनच बोलली, त्यामुळे मला तिचा चेहरा दिसला नाही.

"तिनं ह्ये वझं चाळीस वर्सं वागवलं, गुरू. माजी अशी किती ऱ्हायलीत? चल, गाडी काड."