गाडीची जागा

बाईंनी पुन्हा एकदा समोरची काच पुसली. काच स्वच्छच होती. गाडीच्या मागच्या दारात बसून सून उसवलेल्या सॅकचा पट्टा शिवत होती. तिने मान वर केली नाही, आणि नेमके तेच बाईंना झोंबले.

"काही म्हणायचं असलं तर म्हण."

"मी कुठं काय म्हटलं, आई?"

"तेच तर."

डोंगराच्या पायथ्याशी उभी असलेली ही उंच चाकांची पांढरी गाडी बाई नवऱ्याच्या पश्चात एकहाती चालवीत आल्या होत्या. डोंगर चढणाऱ्यांना आणून सोडायचे, काठ्या, दोर, तंबू भाड्याने द्यायचे आणि सारे उतरेपर्यंत वाट पाहायची. अलीकडे त्यांत डबे शोधणाऱ्यांची भर पडली होती. कुणीतरी कपारीत डबा दडवतो, त्याचा ठावठिकाणा फोनवर टाकतो आणि चांगली शहाणीसुरती माणसे तो हुडकीत रानोमाळ भटकतात. बाईंना या खेळाचे हसू येई. पण गिऱ्हाइकाच्या हौसेला हसू नये, असा त्यांचा दंडक होता. त्याहून कडक दंडक असा, की शेवटचा माणूस उतरल्यावाचून गाडी जागची हलवायची नाही. वरच्या वळणावरून पांढरे छत दिसले की थकलेल्या पायांत बळ येते, असे त्या सांगत. स्टीअरिंगला मात्र दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही, हे सांगावेही लागत नसे. सुनेने रीतसर परवाना काढला होता, तो तिच्या पर्समध्येच पडून होता.

मागच्या खेपेस दिवेलागणीला गाडी पुलाच्या कठड्याला घासली. कठडा बाईंना दिसलाच नव्हता. घरी त्यांनी कुत्रे आडवे आल्याचे सांगितले. सकाळी पाहतात तो ओरखड्यावर पांढरा रंग लागलेला. सून कुणाजवळ चकार शब्द बोलली नव्हती. तेव्हापासून बाईंच्या जिवाला थारा नव्हता. आजही ऊन कलले तसे त्यांचे येरझारा घालणे वाढले.

तेवढ्यात फोन वाजला. आजच्या चमूची म्होरकी बोलत होती. डबा शोधता शोधता ती सारी डोंगराच्या पलीकडे खाणीपाशी उतरली होती. एका मुलीचा घोटा मुरगळून भोपळ्यासारखा सुजला होता, पाऊल टाकवत नव्हते. गाडी तिकडेच आणा, म्हणाली. सगळे आहात ना, असे बाईंनी विचारले, तेव्हा ती अडखळली. चमूतले एक निवृत्त कारकून मागे पडले होते. मी आलो त्या वाटेनेच उतरतो, म्हणून ते एकटेच परतले होते आणि त्यांचा फोन बंद पडला होता.

बाई तडक गाडीत चढल्या. किल्ली लावली. समोरचा रस्ता आणि कडेचा चर यांचा एकच करडा रंग झाला होता. हात किल्लीवरच राहिला.

सून खिडकीशी आली. "आई, ते कारकून काका या बाजूनं उतरतील. गाडी दिसली नाही तर बिचारे धास्तावतील. तुम्ही दिसलात तर धीर येईल. मला कोण ओळखतंय इथं?"

"लाडीगोडी लावू नकोस."

"नाही लावत."

बाई समोर पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुला दिसतोय रस्ता?"

"दिसतोय."

"सगळा?"

"सगळा, आई."

बाई उतरल्या. किल्ली त्यांनी गाडीलाच राहू दिली. घोट्याला फळी बांधायची, उतारावर ब्रेकवर उभे राहायचे नाही, असे दोन-चार हुकूम सोडून त्यांनी घडीचे स्टूल आणि कंदील काढून घेतला. गाडी निघून गेल्यावर चाकांच्या खुणांच्या बरोबर मधोमध स्टूल मांडले आणि पाठ ताठ करून बसल्या. आवाज चढणीला लागला. सुळक्यापाशी गिअर बदलताना बाईंच्या हाती गाडी नेहमी कण्हायची. सुनेने थोडा आधीच बदलला. गाडी कण्हली नाही. त्या वेळी बाईंचा चेहरा पाहायला जवळ कुणी नव्हते, हे एक बरे झाले.

अंधारता अंधारता कारकून काठी टेकत आले. कंदिलापाशी पोहोचताच त्यांनी रिकाम्या जागेकडे पाहिले. "गाडी गेली?"

"गेली असती तर मी इथं कशाला बसले असते? टेका जरा."

ते दगडावर बसले, पाणी प्याले, डबा काही सापडला नाही म्हणून हळहळले. मग त्यांच्या लक्षात आले. "पण बाई, चालवतंय कोण?"

"आमच्या सूनबाई," बाई म्हणाल्या. "दुसरं कोण?"

वळणावर दिवे दिसले. बाईंना ते दोन पुसट ठिपके. गाडी येऊन आपल्या जागी उभी राहिली. मागे बाकीचे दाटीवाटीने बसले होते आणि घोटा मुरगळलेली मुलगी पाय लांब करून पडली होती. सून इंजिन चालूच ठेवून खाली उतरली आणि स्टीअरिंगकडचे दार उघडे धरून उभी राहिली.

बाईंनी त्या दारातून तिलाच आत जायला खुणावले. "आत बस. लोकांना उशीर होतोय."

कारकुनांना मागे चढवून, स्टूल-कंदील टाकून त्या शेजारच्या आसनावर बसल्या आणि पदर सारखा केला. गाडी निघाली. पहिल्याच वळणावर त्यांचा उजवा पाय सवयीने ब्रेकसाठी पुढे झाला, आणि रिकाम्या पत्र्यावर दाबून तसाच राहिला.