दादांनी जोडून दिलेली सीट

उपकार करण्याहून उपकार स्वीकारणे अवघड, असे जुनी माणसे म्हणत. देणाऱ्याचे काम देण्याच्या क्षणी पुरे होते. घेणाऱ्याला मात्र ते दान आयुष्यभर वागवायचे असते. आणि त्या दानाच्याच पोटी कधीकाळी दुखणे उद्भवले, तर ते देणाऱ्याच्या कानावर घालावे की घालू नये? घालावे, तर त्याचे अंतःकरण पोळते. न घालावे, तर ज्याने आपल्याला जिवापाड जपले त्याच्याशीच पडदा धरावा लागतो. कृष्णात सरांच्या वाट्याला हा पेच आला तो गुडघ्याच्या निमित्ताने.

सर कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात संस्कृत शिकवीत. मूळ गाव शिरोळ भागातले, कृष्णेच्या काठचे. वडील लवकर निवर्तले. थोरले बंधू पिराजी, ज्यांना सारे घर दादा म्हणे, यांनी स्वतःची शाळा सोडून नांगर धरला आणि धाकट्याला शिकवले. हायस्कूल गावापासून दूर होते, म्हणून दादांनी त्याला एक काळी, दणकट सायकल आणून दिली. त्या दिवसांत शाळेच्या भिंतीशी लावलेल्या सायकलींच्या सीटा उपसून नेण्याचा पोरांना नाद लागला होता. दादांनी त्यावर कायमचा इलाज केला. भावाला सीटवर बसवले, दोन्ही तळपाय जमिनीला टेकतात याची खात्री करून घेतली आणि सीटची दांडी सायकलच्या सांगाड्याला वेल्डिंग करून टाकली. चोरायची तर अख्खी सायकल चोरा म्हणावे, असे ते वेल्डिंगवाल्याला म्हणाले होते.

पुढे कृष्णात हातभर वाढला. सीट होती तिथेच राहिली. ती सायकल त्यांच्याबरोबर शिक्षणासाठी कोल्हापुरास आली, नोकरीस लागली, संसारातही नांदली. टायर बदलले, साखळ्या बदलल्या, रंगाचे पोपडे गेले. गावचे घर महापुरात बुडाले आणि दादांच्या तरुणपणीची एकही वस्तू उरली नाही. तेव्हापासून तर त्या सायकलीला घरात देव्हाऱ्याच्या खालोखाल मान आला. खंडेनवमीला तिला झेंडूची माळ पडे. दादा कधी कोल्हापुरास आले की चहाच्या आधी त्या जोडावरून अंगठा फिरवीत आणि समाधानाने म्हणत, "जशीच्या तशी हाय की."

त्या बुटक्या सीटवर सर गुडघे वर करून, एखाद्या पोराची सायकल मागून आणल्यासारखे बसत. विद्यार्थी मागे हसत; सरांना त्याचे काही वाटत नसे. मात्र पन्नाशी उलटली आणि उजवा गुडघा कुरकुरू लागला. आधी जिना उतरताना वाटीच्या मागे कळ येई. मग मांडी घालून बसणे सुटले. मग गुडघा सुजू लागला आणि सायकल चादरीखाली झाकून ठेवावी लागली. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची गरज नाही, पण स्नायू बळकट करा, असे सांगून त्यांना अंतराकडे पाठवले.

अंतरा ही सरांचीच एकेकाळची विद्यार्थिनी. विभक्ती प्रत्ययांत नेहमी अडखळणारी ती मुलगी आता फिजिओथेरपिस्ट झाली होती, आणि सर तिच्यापुढे विद्यार्थ्यासारखे बसत. तिने त्यांना खाटेवर पाय पसरून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी दाबायला शिकवले, पाय ताठ ठेवून उचलायला शिकवले, भिंतीला पाठ लावून किंचित वाकायला शिकवले. सरांनी तो पाठ संध्येसारखा नेमाने चालवला. त्यांच्या पत्नी नंदिनीताई म्हणत की, देवापुढेही तुम्ही इतके एकाग्र होत नाही. पावसाळा सरला, हिवाळा लागला, आणि गुडघ्याची सूज ओसरली. सरांनी भीत भीत विचारले की, आता सायकल?

अंतरा म्हणाली की, हरकत नाही. सायकल गुडघ्याला चांगलीच. सुरुवात सपाट रस्त्यावर, थोडा वेळ, पायावर जोर न देता, एक दिवस आड करायची. पण आधी ती सायकल एकदा दाखवून न्या.

सरांनी सायकल नेली. अंतराने त्यांना भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसवले, पायडल उलटे फिरवायला लावले, आणि ती काही वेळ नुसती बघत राहिली.

"सर, किती वर्षं अशीच चालवताय?"

"कॉलेजात होतो त्याच्याही आधीपासून."

तिने समजावून सांगितले ते असे. सीट इतकी खाली असली की दर फेऱ्याला गुडघा गरजेपेक्षा जास्त मुडपतो, आणि मुडपलेल्या गुडघ्याने जोर लावला की भार सगळा वाटीवर येतो. दुखणे एकट्या सीटने आणले असे ती म्हणणार नव्हती. वय होते, मांडीचे स्नायू दुबळे होते. परंतु ही सीट ते बरे होऊ देणार नव्हती. जोड कापून सीट वर घ्यायला हवी, किंवा दुसरी सायकल घ्यायला हवी.

सर बघतो म्हणाले आणि सायकल हाती धरून घरी आले.

जोड कापला तर दादांचा अंगठा पुढच्या खेपेस तो जोड शोधणार. नवी सायकल घेतली तर जुनी का टाकली म्हणून विचारणार. दोन्ही वाटांच्या शेवटी उत्तर एकच होते: तुम्ही प्रेमाने बसवून दिलेल्या सीटनेच माझा गुडघा झिजवला. ज्या भावाने स्वतःची पाटी फोडून आपल्याला लिहिते केले, त्याला हे कुठल्या तोंडाने सांगायचे? नंदिनीताईंनी परोपरीने सांगून पाहिले की, दादा समजूतदार आहेत. सरांनी मान हलवली नाही.

विद्वानाच्या हातूनही पोरकटपणा घडतो तो अशा वेळी. सरांनी दादांनीच दिलेले जुने घोंगडे काढले, त्याची जाड घडी करून सीटवर सुतळीने करकचून बांधली. जोडही अभंग आणि सीटही उंच! दुसऱ्या दिवशी पहाटे ते रंकाळ्यावर गेले. फिरायला आलेल्या एका पैलवानी गड्याने थांबून विचारले, "काय सर, घोड्याला खोगीर चढवलं व्हय?" सर हसले आणि पुढे गेले. घडी एका अंगाला सरकू लागली, तसा तोल सावरण्यासाठी उजव्या पायावर भार पडू लागला. दुखायला लागले तेव्हा थांबायचे असे अंतराने बजावले होते. पण इतक्या दिवसांनी वारा अंगाला लागला होता, पाण्यावर कोवळे ऊन उतरत होते, आणि सर थांबले नाहीत. घरी पोहोचेपर्यंत गुडघा टम्म फुगला.

अंतरा रागावली नाही. तिने गुडघा पाहिला, घोंगड्याची हकीकत ऐकली आणि एवढेच म्हणाली की, पुन्हा टॉवेलच्या गुंडाळीपासून सुरुवात करू. पण सर, ह्या सीटवर पुन्हा बसणार असाल तर माझ्याकडे येऊन उपयोग नाही.

संक्रांतीनंतर सर आणि नंदिनीताई रिवाजाप्रमाणे गावी गेले. शालूवहिनींनी पंगत मांडली. सगळे मांडी घालून बसले. सरांना खुर्ची मागावी लागली. गेल्या साली हा खाली बसत होता, हे दादांनी हेरले.

"पाय बरा हुता न्हवं? परत काय झालं?"

वय झाले, थंडी फार, असे काहीबाही सर बोलले. शालूवहिनी भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, "भावजी, शाळंत पोरांची लबाडी धरता, आन् सोताला येत न्हाय ती नीट कराया." नंदिनीताई खाली मान घालून जेवत राहिल्या. त्या बोलणार नाहीत, हे ओझे आपलेच आहे, हे सरांना कळले. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि सारे सांगितले. सीट, वाटीवरचा दाब, अंतराचे म्हणणे, घोंगडे. काही लपवले नाही.

दादांनी ऐकून घेतले. "म्हंजे माझ्या हातानं झालं व्हय हे," असे ते हळूच म्हणाले. मग अर्धी भाकरी तशीच टाकून त्यांनी हात धुतला आणि ते गोठ्याकडे गेले. सर उठू लागले, तशा शालूवहिनींनी खुणेनेच त्यांना बसवले. ते वैरण टाकत्यात, त्यास्नी टाकू दे, म्हणाल्या. त्या दिवशी दादांनी गोठ्याचा कानाकोपरा झाडला, झाडलेला पुन्हा झाडला, पण ते घरात आले नाहीत. निघताना सर पाया पडले. दादांनी पाठीवरून हात फिरवला आणि पुन्हा झाडू उचलला. परतीच्या एसटीत सरांना वाटत राहिले की, एक गुडघा वाचवण्यासाठी आपण एका सत्तरीच्या माणसाचे मन मोडले.

दुसऱ्याच दिवशी सकाळी दारात दादा उभे. डोक्याला पटका, हातात पिशवी, डोळे जागरणाने लाल. चहा नको म्हणाले. चादर बाजूला करून त्यांनी सायकल बाहेर काढली.

"चल. वेल्डिंगवाला कुठं हाय?"

"दादा, असू दे. मी दुसरी सायकल घेतो."

दादांनी हँडल सोडले आणि ते भावाकडे वळले.

"किस्ना, रात्री मला झोप न्हाय. पाय दुखला त्याचं मला वाईट वाटलंच. पर तवा तू पंधरा वर्साचा हुतास, मी तुझ्या मापानं बसिवली, त्यात माझं काय चुकलं न्हाय. तू वाढलास आन् मला आलास न्हाईस सांगाया, ह्ये चुकलं. मी तुला सायकल चालवाया दिलती. पाया पडाया म्हसोबा न्हवता दिला."

सरांनी पायांत चपला सरकवल्या. ते नुसते "चला" म्हणाले.

वाटेत दादांनी अंतरालाही बोलावून घ्यायला लावले. माप घेणारे माणूस जवळ पाहिजे, नाहीतर पुन्हा चुकेल, असे त्यांचे म्हणणे. वेल्डिंगच्या दुकानात कारागिराने जोड पाहिला आणि हा तर तोफ ओतल्यासारखा ओतलाय, म्हणाला. दादांना ते आवडले. आमच्या गावचं काम हाय, एवढे त्याला ऐकवून त्यांनी स्वतः सायकल धरली. कापण्याचे यंत्र लागले, ठिणग्या उडाल्या, तेव्हा सरांनी डोळे मिटून घेतले. दादांनी मिटले नाहीत. जोड सुटला. कारागिराने नळीचे तोंड घासून साफ केले, नवी लांब दांडी घातली आणि नटबोल्टची पकड बसवली. आता सीट हवी तेव्हा वरखाली होणार होती.

अंतराने सरांना वर बसवले. पायडल अगदी तळाशी असताना टाच त्यावर ठेवली की पाय सरळ व्हावा, आणि पुढचा चवडा ठेवला की गुडघा किंचित वाकलेला राहावा, एवढे माप तिने पुन्हा पुन्हा पाहिले. दादा वाकून तिच्याबरोबर पाहत होते. मग त्यांच्या भुवया चढल्या.

"पोरी, ह्याचं पाय जमिनीला टेकंनात की. पडंल ह्यो."

"थांबताना सीटवरून पुढं उतरायचं, आजोबा. बसल्या बसल्या पाय टेकायची सवय मोडायची."

"मोडतोय का बघ. मास्तर हाय, आयकत न्हाय कुणाचं."

उतरण्याचा तेवढा धडा त्या दुकानापुढेच झाला. सूज पुरती जाईपर्यंत रस्त्यावर जायचे नाही, असे अंतराने ठरवले, आणि दादांनी तिच्यासमोर भावाकडून तसा शब्द घेतला. सरांनी तो पाळला. आधी टॉवेल, मग ताठ पाय, मग भिंत. असा सारा पाठ त्यांनी नव्याने गिरवला. उन्हाळ्याच्या तोंडाशी अंतराने होकार दिला, तसे दादा पुन्हा एसटीने आले.

रंकाळ्याच्या काठचा सपाट रस्ता सकाळी शांत होता. सर चढले. पहिले काही फेरे त्यांनी नुसते पाय फिरवले, जोर दिलाच नाही. वाटीच्या मागची ती ओळखीची कळ आता येईल, मग येईल, म्हणून ते वाट पाहत होते. ती आली नाही. पाय खाली जाई तेव्हा लांबवर सरळ होई, इतका सरळ की सरांना तो दुसऱ्याचाच वाटला. आपल्या उंचीच्या सायकलवर आपण आयुष्यात प्रथमच बसलो आहोत, हे त्यांच्या ध्यानात आले. पुढे जावेसे फार वाटले. पण ठरलेल्या झाडापाशी ते वळले, सावकाश परत आले, आणि सीटवरून पुढे उतरून उभे राहिले.

दादा कट्ट्यावर बसले होते. त्यांनी भावाला जवळ बसवले, विजारीवरूनच त्याच्या गुडघ्यावर पंजा ठेवला आणि बैलाचा सांधा चाचपावा तसा चारही अंगांनी चाचपून पाहिला.

"गरम न्हाय," ते म्हणाले. हात मात्र त्यांनी काढला नाही.

सरांनी त्या हातावर आपला हात ठेवला. लहानपणापासून या हाताने जे जे दिले, त्याचे आभार मानायचे राहून गेले होते. भावाभावांत ते मानण्याची रीत नसते. आज त्यांनी ती रीत मोडली आणि अगदी हळू म्हणाले, "दादा, फार दिलंत."

दादांनी पाण्याकडे पाहिले. मग म्हणाले, "चालव. बेतानं चालव. दुखलं तर सांग."

देणाऱ्याला घेणाऱ्याचे सुखदुःख वेळेवर कळो. घेणाऱ्याच्या जिभेला खरे बोलण्याचे बळ लाभो. माप नीट पाहणाऱ्या त्या मुलीच्या हाताला यश येवो, आणि त्या दोघा भावांचे पाय, जमिनीवर असोत वा पायडलवर, वेदनेवाचून चालत राहोत.