बारांतला तिचा पेला

राज्यं बुडतात, राजवाडे ढासळतात, दस्तऐवज वाळवी खाते. मागे उरते ती फक्त काच. मानवाचा खरा इतिहास काचेत लिहिलेला असतो. हे वाक्य मी एकेचाळीस वर्षं दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं आणि ऐकता ऐकता बऱ्याच जणांच्या हातून इतिहास खाली पडला. शेवटी मी ‘फुटेल ते तुमचं’ अशी पाटी लावली. धंद्याच्या पडत्या काळात त्या पाटीनेच मला तारलं.

धंदा जुन्या काचसामानाचा. सुरुवात केली तेव्हा लोकांना कट-ग्लास हवा असायचा. जड, खाचाखाचांचा, उन्हात धरला की भिंतीवर रंग फेकणारा. बारा पेले आणि मधोमध सुरई, असा सरंजाम कपाटात असला की घर वजनदार समजायचे. त्यातून पाणी कोणी पीत नसे. पाहुण्यांना तर लांबूनच दाखवायचे. आता त्याच माणसांची मुलं तीच खोकी घेऊन दारात उभी राहतात. "काका, पैसे नकोत, पण तेवढं ठेवून घ्या." माझ्याकडे अशा नऊ सुरया साठल्या. एक मी दार अडवायला वापरतो. बाकीच्या आठ तिच्याकडे बघून गप्प असतात.

आणि ज्या मालाकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, त्याला आता सोन्याचे दिवस आलेत. साधे, साच्यातून काढलेले, उभ्या रेघांचे हिरवट पेले. जुन्या काळी कारखानदार रंगासाठी काचेत युरेनियम घालत. चिमूटभरच असायचं, त्याने कुणाला काही होत नसे. पण जांभळ्या दिव्याखाली धरलं की ही काच पेटल्यासारखी चमकते. हे हल्लीच्या मुलांना कळलं, त्यांनी त्याचे व्हिडिओ काढले आणि एका वर्षात बाजार उलटापालटा झाला. माझ्या फळीवर असले बारा पेले होते. सव्वीस वर्षं पडून होते.

खरं म्हणजे फळीवर अकरा. बारावा आमच्या हिच्याकडे असायचा.

दुकानामागेच आमची खोली. हिने कधीतरी त्यांतला एक उचलला आणि खाटेशेजारच्या स्टुलावर नेऊन ठेवला. पाणी प्यायची ती त्यातूनच. मी म्हणालो, "अगं, दुकानातला माल आहे तो."

"माल म्हणजे विकला जातो तो," ही म्हणाली. "हे तुमचे पाहुणे आहेत. एकाला मी सांभाळते, अकरांना तुम्ही बघा."

मध्ये एकदा गिऱ्हाईक आलं, डझन हवं म्हणालं. मी आत हाक मारली, "तो बारावा आण गं!" आतून उत्तर आलं, "त्याच्या काठाचा टवका उडालाय!" गिऱ्हाईक गेलं. मी आत जाऊन बघतो तर काठ गुळगुळीत. "मला दिसला होता बाई टवका," एवढंच बोलून ही भाजी निवडायला बसली. दोन दिवस मी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी कळलं की तिच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

ही गेली त्याला आता चौथा महिना.

त्या दिवशी खोलीत माणसं होती, कुणी रडत होतं, कुणी फोनवर पत्ता सांगत होतं. मी काय करावं हे न कळून उभा होतो. स्टुलावर पेला दिसला. तळाशी दोन बोटं पाणी होतं. ही कधीच पेला पूर्ण रिकामा करत नसे. काठावर ओठांचा पुसटसा ठसा होता. आणि माझ्या हातांनी एकेचाळीस वर्षं जे केलं तेच केलं. पाणी ओतलं, कोमट पाण्यात व्हिनेगर घालून पेला धुतला, सुती फडक्याने लखलखीत पुसला, पेन्सिलीने वाजवून पाहिला आणि फळीवर इतर अकरांच्या रांगेत नेऊन ठेवला. रांग नीट दिसावी म्हणून सगळे थोडे पुढेमागेही केले.

चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं मी काय केलं ते. फळीपुढे उभा राहिलो. बारा पेले, एका साच्याचे, एका रंगाचे. यांतला हिचा कुठला?

तिसऱ्या महिन्यात मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात असते, तिच्या घरी दीड खोली माझ्यासाठी मोकळी केलीय. जागामालकाला दुकान महिनाअखेर रिकामं करून हवं होतं.

"बाबा, ते हिरवे पेले घ्यायला एक मुलगी येतेय. मी फोटो टाकले होते."

"सगळे?"

"सगळे. आणि हे बघा, तुम्ही इकडे येताना ट्रकभर काचा आणायच्या नाहीत. आईची आठवण म्हणून एक काय ती वस्तू आणा. एक, बाबा. तुमचा एक म्हणजे किती असतो ते मला माहितीय."

एकच आणायचा. मला तरी दुसरं काय हवं होतं? पण चुकीचा उचलला तर मी आयुष्यभर कुणा परक्याच्या पेल्याशी बोलत बसणार, आणि आमची ही खोक्यात भरून अनोळखी माणसाच्या घरी जाणार. तिथे तिला कुणी जांभळ्या दिव्याखाली नाचवणार.

मग मी एक वेडेपणा केला. रोज एक पेला पाण्याने भरून तिच्या स्टुलावर ठेवायचा, आपण दुकानात झोपायचं आणि सकाळी बघायचं. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मुलीने दीड खोलीऐवजी डॉक्टर बघितला असता. पहिले सहा दिवस पाणी जिथल्या तिथे. सातव्या सकाळी खोलीत गेलो आणि दारातच थबकलो. खाटेवरची चादर मी ओढून ठेवली होती तशीच सपाट होती. खिडकी बंद, कडी घातलेली. पेल्यात मात्र दोन बोटं पाणी उरलं होतं.

मी स्टुलाजवळ बसलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. अंगावर काटा होता, पण भीतीचा म्हणवत नाही. बऱ्याच दिवसांनी घरात कुणी असल्यासारखं वाटत होतं. मग उठलो, पेला उचलला, पाणी ओतलं, कोमट पाण्यात व्हिनेगर घालून धुतला, फडक्याने पुसला, पेन्सिलीने वाजवला आणि फळीवर ठेवून, सगळे पुढेमागे करून रांग सारखी केली.

वाजवल्याचा आवाज विरेपर्यंत मी पुन्हा तेच केलंय हे मला कळलंच नाही.

त्यानंतर मी बाराही पेले पुन्हा एकेक करून ठेवले. पाणी हललं नाही. बरोबरच आहे. ती कधी एकच गोष्ट दोनदा सांगत नसे.

पेले घेणारी मुलगी ठरल्या दिवशी भर दुपारी आली. वय पंचविशीचं, पाठीवर पोतडी, हातात बोटाएवढी बॅटरी. सुरईने अडवलेल्या दाराकडे बघून म्हणाली, "काका, ही सुरई दाराला लावलीय?"

"घेणार?"

"नको नको. दाराला छान दिसतेय."

तिने बारा पेले टेबलावर मांडायला लावले. मी मधल्या दोन-तीनांवरून उगीच बोट फिरवत होतो. तिने विचारलं, "काही टवका वगैरे?"

"टवका नाही. यांतला एक मला ठेवायचाय."

"ठेवा की! मी अकरा घेते. कुठला?"

"तेच बघतोय."

"काका, सगळे सारखेच आहेत."

"तीच अडचण आहे."

तिने मान डोलावली. तिच्या धंद्यात म्हाताऱ्या दुकानदारांची सवय असावी. "तुम्ही बघून ठेवा, तोवर मी दिवा मारून घेते. घेण्याआधी प्रत्येक नग तपासावाच लागतो. बाजारात फसवाफसवी फार झालीय. शटर पाडू?"

"माझ्याकडे फसवाफसवी नसते," मी म्हणालो. "हे बारा मी स्वतः एका बंद पडलेल्या खानावळीतून उचललेत. नजरेने ओळखतो मी काच."

शटर खाली आलं. दुकान काळंकुट्ट झालं. रस्त्यावरचा आवाज लांब गेला. तिच्या हातातला जांभळा ठिपका टेबलावर उतरला आणि पहिला पेला आतून पेटला. थंड हिरवा उजेड, पाण्याखालून यावा तसा. मग दुसरा, तिसरा, चौथा. मी एकेचाळीस वर्षं काच विकली, पण तिला जागी झालेली प्रथमच पाहत होतो. पाचवा पेटला. सहावा पेटला.

सातवा पेटला नाही.

तिने दिवा जवळ नेला, मागे घेतला. पुढचे पाचही झळाळले. मग तिने दिवा उंच धरून सगळ्यांवर उजेड टाकला. अकरा हिरव्या ज्योतींची रांग, आणि मधोमध पेल्याच्या आकाराचा अंधार. उठून कुणी आत गेलं की पंगतीत जागा रिकामी दिसावी, तशी.

"काका," तिचा आवाज खाली आला. "रागावू नका, पण हा यांतला नाही. हा नवा आहे. म्हणजे वीसेक वर्षांचा असेल, पण साधा, भांड्यांच्या दुकानातला. कुणीतरी बदललाय."

मी तो अंधार हातात उचलला. काठावरून अंगठा फिरवला. वीसेक वर्षं. झाडताना मूळचा फुटला असेल. मी मालासाठी बाहेरगावी असेन. तुकडे गोळा करून, नमुना पदराखाली धरून ती किती दुकानं फिरली असेल, कोण जाणे. सापडल्यावर तो फळीवर ठेवायची मात्र तिची हिंमत झाली नसणार. माझी नजर! मी नजरेने काच ओळखतो, असं मी रोज घसा फोडून सांगत होतो ना. म्हणून तिने तो माझ्या नजरेसमोरून उचलला, ओठांना लावला आणि मरेपर्यंत त्यातूनच पाणी पीत राहिली.

"हा मी नाही घेऊ शकत," मुलगी म्हणाली. "याला काहीच किंमत नाही हो. हाच ठेवा तुम्ही."

"हाच ठेवतो," मी म्हणालो.

मला हसूच आलं. मी आतल्या खोलीच्या दाराकडे वळलो. तिथे टेबलावरच्या अकरांचा हिरवा उजेड दाराच्या हलत्या पडद्यावर पडला होता, आणि त्यामागे ती उभी आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

"अगं, सांगायचंस तरी!" मी मोठ्याने म्हणालो. "एका पेल्यासाठी मी काय तुला खाणार होतो?"

पडदा हलायचा थांबला. मुलीने चटकन दिवा विझवला. अंधारात आम्ही दोघं, किंवा जितके होतो तितके, श्वास रोखून उभे राहिलो.

"काका," ती हळूच म्हणाली, "आत काकू आहेत?"

"आहेत," मी म्हणालो.

"मग त्यांना विचारता का प्लीज, बाथरूम वापरलं तर चालेल का? सकाळपासून चौथं दुकान आहे हे."